टर्बोचं बटण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख करून देताना सांगितलं की मी 'गेम बनवतो'. माझी आईसुद्धा शेजाऱ्यांना हेच सांगते. ते खरं नाही. गेम दुसरेच लोक बनवतात. मी तो एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेतो. आमच्या धंद्यात त्याला पोर्ट करणं म्हणतात. 'पोर्टचं काम' असं घरी सांगितल्यावर माझ्या एका मावशीला बरीच वर्षं वाटत होतं, की मी न्हावाशेव्याला नोकरीला आहे.

कोणाला समजावून सांगायचं झालं तर मी नाटकाच्या दौऱ्याचं उदाहरण देतो. दादरच्या शिवाजी मंदिरात बसवलेलं नाटक एखाद्या तालुक्याच्या गावी जातं. संवाद तेच, नट तेच. पण तिथला रंगमंच चार फूट अरुंद असतो, उजवीकडे विंगच नसते, दिवे निम्मे असतात. नायिकेला तर दुसऱ्या अंकात उजव्या दारातून यायचं असतं. दुपारी तीन वाजता बस पोचते आणि रात्री नऊला तिसरी घंटा होते. त्या सहा तासांत जी माणसं घाम गाळतात त्यांचं नाव प्रेक्षकाला माहीत नसतं, आणि काम चांगलं झालं तर माहीत होण्याचं कारणही नसतं. मी त्या मंडळींपैकी.

मला वीस मिनिटं दिली आहेत. धंद्याबद्दल थोडं सांगतो आणि मग आपल्या शाळेतल्या एका खेळाकडे येतो. माझ्या बॅचच्या काही लोकांच्या चेहऱ्यावर आत्ताच हसू दिसतंय, म्हणजे त्यांना कळलंय मी कशाबद्दल बोलणार ते.

पोर्टिंग म्हणजे फाइल कॉपी करायची आणि चालू करायची, असा समज आहे. मोठमोठ्या माणसांचासुद्धा आहे. 'डूम' हा प्रसिद्ध खेळ १० डिसेंबर १९९३ ला डॉसवर आला. पुढे ३डीओ नावाच्या कन्सोलवर तो नेण्याचं काम रेबेका हाइनमन या प्रोग्रामर बाईंकडे आलं. त्यांनी नंतर सांगितलेली हकीकत अशी, की काम देणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाची कल्पना होती की नव्या शस्त्रांची चित्रं काढून दिली की ती खेळात आपोआप चालायला लागतात! प्रत्यक्षात हातात होते सुमारे दहा आठवडे. संगीत वाजवणारा भाग नव्यानं लिहायला वेळच उरला नाही, म्हणून त्या प्रमुखाच्या बँडनं सगळं संगीत नव्यानं वाजवून ध्वनिमुद्रित केलं. तो पोर्ट अडखळत चालणारा म्हणून बदनाम झाला, संगीताचं मात्र आजही कौतुक होतं. मी हा खेळ पाहतो तेव्हा मला अडखळणारी चित्रं दिसत नाहीत, दहा आठवडे दिसतात.

मग नेमकं अवघड काय असतं? मूळ खेळ लिहिणाऱ्यानं जे लिहून ठेवलेलं असतं ते अवघड नसतं. त्यानं जे गृहीत धरलेलं असतं ते अवघड असतं. आपलं यंत्र असंच असतं, असं त्याला वाटत असतं, आणि म्हणून ते तो कुठेच लिहीत नाही.

एक अगदी साधं उदाहरण. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणतो. आधी पाच, मग वीस. इंग्रजीत आधी ट्वेंटी, मग फाइव्ह. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढं रणकंदन झालं, आठवतंय ना? कॉम्प्युटरमध्येही हाच वाद आहे. इंटेलच्या पद्धतीचा प्रोसेसर मोठी संख्या साठवताना लहान किमतीचा तुकडा आधी ठेवतो, म्हणजे आपल्यासारखा. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० हे उलटे, मोठा तुकडा आधी. आता एकानं लिहिलेली फाइल दुसऱ्यानं तशीच वाचली तर काय होईल? नायकाला एक नाणं मिळालेलं असतं आणि पडद्यावर दिसतात १,६७,७७,२१६. असा खजिना मी माझ्या हातानं लोकांना वाटलेला आहे. सुदैवानं तो आमच्या चाचणी विभागाच्या पुढे गेला नाही.

जागेचंही तसंच. त्याच दोन कन्सोलमध्ये मेमरी सारखीच होती, ५१२ एमबी. पण एक्सबॉक्समध्ये ती एकत्र होती आणि प्लेस्टेशनमध्ये २५६-२५६ अशी दोन भागांत. कागदावर सारखंच. पण ज्यांनी वाड्यातून ब्लॉकमध्ये बिऱ्हाड हलवलंय त्यांना विचारा. चौरस फूट तितकेच असले तरी माजघरातला पलंग दोन छोट्या खोल्यांत बसेलच असं नाही.

आणि फाइलींची नावं! विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक चालतो, लिनक्सला चालत नाही. कोणीतरी घंटेच्या आवाजाच्या फाइलचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलेलं, प्रोग्राममध्ये मात्र स्मॉल लिहिलेलं. विंडोजवर पाच वर्षं बिनतक्रार चाललं. लिनक्सवर नेलं आणि खेळ दाराशीच बसला. कारण शोधायला मला तीन दिवस लागले. देवनागरीत ही भानगडच नाही, याचा त्या आठवड्यात मला फार अभिमान वाटला होता.

कन्सोलवाल्यांचे स्वतःचे कडक नियम असतात, ते वेगळेच. कंट्रोलरची बॅटरी संपली किंवा वायर निघाली तर खेळ थांबलाच पाहिजे, नाहीतर खेळ परत पाठवतात. जपानी प्लेस्टेशनवर वर्षानुवर्षं गोल बटण म्हणजे 'हो' आणि फुली म्हणजे 'नाही' होतं, अमेरिकेत फुली म्हणजे 'हो'. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला तेव्हा सगळीकडे फुली म्हणजे 'हो' झालं. फुली मारली की चूक, असं शिकवलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला जड जातं.

यावर उपाय काय, असं मागच्या रांगेतली मुलं विचारतील. हुशार लोकांनी दोन उपाय काढले. एक म्हणजे स्वरलिपीसारखा. एरिक शाई या फ्रेंच माणसानं १९९१ मध्ये 'अनदर वर्ल्ड' हा खेळ जवळपास एकट्यानं केला. त्यानं खेळ थेट यंत्राच्या भाषेत लिहिलाच नाही. स्वतःची एक छोटी कल्पित भाषा केली आणि प्रत्येक यंत्रासाठी ती वाचणारा एक छोटा प्रोग्राम ठेवला. बंदिश कागदावर एकदाच लिहायची, मग पेटीवाल्यानं पेटीवर वाजवावी, बासरीवाल्यानं बासरीवर. म्हणूनच तो खेळ आजवर कितीतरी यंत्रांवर गेला.

दुसरा उपाय दुभाष्याचा. सॅम लँटिंगा या तरुण प्रोग्रामरनं १९९८ मध्ये एसडीएल नावाचा दुभाषा लिहिला. खेळानं त्याला सांगायचं, 'चित्र दाखव', 'आवाज कर', 'कोणतं बटण दाबलं ते सांग'. खाली विंडोज आहे, मॅक आहे की लिनक्स, ते तो बघून घेतो. त्याच वर्षी अमेरिकेत लोकी नावाची कंपनी निघाली. विंडोजवरचे खेळ लिनक्सवर आणणं एवढाच तिचा धंदा, आणि लँटिंगा तिथेच होता. काम उत्तम होतं, धंदा झाला नाही. लिनक्सवर खेळणारे मुळात थोडे, त्यातल्या अनेकांनी तोच खेळ विंडोजवर आधीच घेतलेला. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद पडली. एसडीएल मात्र सगळ्यांसाठी खुला ठेवलेला होता, म्हणून तो राहिला. आज तुम्ही जे खेळता त्यातल्या कित्येकांच्या पोटात तो आहे, आणि माझं निम्मं पोट त्याच्यावर भरतं. विंडोजचे खेळ बदल न करता लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन २०१८ मध्ये आला, २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र त्याच्या जोरावर बाजारात आलं. तेव्हा मला लोकीची आठवण झाली होती. वीस वर्षं आधी पोचलेली माणसं.

पण हे सगळं झाल्यावरही एक प्रश्न उरतो. त्याचं उत्तर कुठल्याच दुभाष्याकडे नाही, आणि मला आज खरं तर त्याबद्दलच बोलायचं होतं.

'स्पेस इन्व्हेडर्स' हा १९७८ चा जपानी खेळ, तोमोहिरो निशिकादो यांचा. पडद्यावर पंचावन्न परग्रहवासी रांगेनं खाली येतात आणि आपण त्यांना मारायचं. जसजसे ते कमी होतात तसतसे उरलेले जोरात पळायला लागतात. शेवटचा तर अक्षरशः सैरावैरा. छाती धडधडते ती त्यामुळेच. आता गंमत ऐका. असं होण्याचं कारण यंत्राचा अशक्तपणा होता. ते बिचारं एका वेळी एकालाच सरकवू शकायचं. पंचावन्न असले की सगळ्यांची फेरी पूर्ण व्हायला वेळ लागायचा, पाच उरले की झटपट. निशिकादोंनी ते पाहिलं आणि तसंच ठेवलं. आता हा खेळ वेगवान यंत्रावर नेणाऱ्यानं काय करावं? यंत्राला दम आहे म्हणून सगळ्यांना पहिल्यापासून सारख्या वेगानं चालवलं तर प्रोग्राम निर्दोष होईल आणि खेळ मरेल. तो अशक्तपणा मुद्दाम, हातानं, पुन्हा लिहून काढावा लागतो.

आणि याच्या उलटही असतं. 'डार्क सोल्स २' हा खेळ कन्सोलवर सेकंदाला तीस चित्रांच्या वेगानं चालायचा. पीसीवर साठ झाली आणि लोकांच्या तलवारी दुप्पट वेगानं झिजायला लागल्या, कारण झीज चित्रांच्या हिशेबानं मोजली जात होती. दुरुस्ती २०१५ मध्ये आली. ही खोड ठेवण्यासारखी नव्हती. दोन्हीचं मूळ मात्र एकच, यंत्राचा वेग गृहीत धरलेला. एका ठिकाणी तो खेळाचा प्राण, दुसऱ्या ठिकाणी निव्वळ चूक. कुठली कोणती, हे प्रोग्राम वाचून कळत नाही. खेळणाऱ्यांना विचारावं लागतं.

आता आपल्या शाळेकडे येतो.

१९९३-९४ साल. आम्ही नववीत. प्रयोगशाळेशेजारची ती अरुंद खोली, दाराबाहेर चपलांचा ढीग, यंत्रांवर बाईंनी घरून शिवून आणलेल्या कापडी खोळी. आत चार पीसी-एक्सटी. धुळीनं कॉम्प्युटर बिघडतो म्हणून पाय पुसून आत जायचं. विज्ञान प्रदर्शनासाठी मी आणि माझ्या बाकावरच्या सोबत्यानं जीडब्ल्यू-बेसिकमध्ये सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा लिहिली. तीस प्रश्न, रोमन अक्षरांत मराठी. प्रत्येक प्रश्नाला दहा सेकंद, मग 'टुंग' अशी घंटा.

दहा सेकंद मोजायचे कसे? बेसिकमध्ये 'टायमर' नावाची सोय होती, खरं घड्याळ बघणारी. आम्हाला ती माहीतच नव्हती. आम्ही कॉम्प्युटरला चार हजारांपर्यंत आकडे मोजायला लावले, मोजता मोजता कोणी कळ दाबली का ते बघत राहा म्हणून सांगितलं. सोबत्यानं मनगटावरचं घड्याळ धरलं, मी आकडा कमी-जास्त करत गेलो. चार हजारांना दहा सेकंद भरले. दोघांनाही आपण फार मोठा शोध लावल्यासारखं वाटलं.

आता ज्यांनी ती यंत्रं पाहिली आहेत त्यांना आठवेल, डब्याच्या पुढच्या बाजूला एक बटण असायचं. टर्बो. दाबलेलं असलं की यंत्र दहा मेगाहर्ट्झनं चालायचं, सोडलं की पावणेपाचनं. ते कशासाठी ठेवलं होतं माहीत आहे? जुने खेळ जुन्या वेगावर अवलंबून होते म्हणून! म्हणजे अख्ख्या जगानं आमचीच चूक केली होती आणि कंपन्यांनी तिच्यासाठी बटण दिलं होतं. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी 'ब' तुकडीतल्या एकाला शोध लागला की टर्बो सोडला की दहाचे एकवीस सेकंद होतात. तासाभरात ते सगळ्या शाळेला कळलं. दोन जण खेळायचे आणि तिसरा यंत्राला टेकून, बाईंकडे पाठ करून उभा राहायचा, बोट बटणावर. कठीण प्रश्न आला की हळूच 'टक'. सोपा आला की परत 'टक', नाहीतर बाईंना शंका यायची. बाई, तुम्हाला हे माहीत होतं का? (बाई हसून मान हलवतात.) बघा, माहीत होतं!

या मेळाव्याच्या समितीनं मला सहा महिन्यांपूर्वी सांगितलं, तो खेळ पुन्हा चालू करून दे. फ्लॉपी बाईंनी जपून ठेवली होती, पण तिच्यावर बुरशी आलेली, काही वाचता येईना. त्याच पिशवीत डॉट मॅट्रिक्सवर छापलेली लांबलचक सुरळी मात्र निघाली, कडेला भोकं असलेली. शाई फिकी झालेली. दोन रात्री बसून मी सगळा प्रोग्राम नव्यानं टाइप केला. मधे एका ओळीत आमच्या अक्षरांत शेरा होता, 'दहा सेकंद, टर्बो चालू'. तो नसता तर खेळाचा मूळ वेग मला कधीच कळला नसता, कारण ते यंत्र आता जगात नाही. हीच ती न लिहिलेली गोष्ट असते, पण आमच्या नशिबानं लिहिलेली सापडली.

जशाच्या तसा आजच्या लॅपटॉपवर चालवला तेव्हा तिसाच्या तीस प्रश्न आणि तीस घंटा मिळून जेमतेम अर्धं मिनिट लागलं. प्रश्न वाचायच्या आत 'टुंग'. डॉसबॉक्स नावाचं जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात वेग कमी करून चालवता आलं असतं. पण मुलांच्या मोबाइलवरही चालायला हवा होता, म्हणून ब्राउझरसाठी पुन्हा लिहिला. खरं घड्याळ घातलं. दहा म्हणजे दहा सेकंद. सोबत्याला पाठवला. तो आता सिंगापूरला असतो. त्याचा एका ओळीचा निरोप आला: 'छान आहे, पण हा आपला खेळ नाही.'

मला लागलं ते. तीस वर्षं लोकांचे खेळ हलवतोय, आणि स्वतःच्या खेळात चूक दुरुस्त करताना मी खेळच दुरुस्त करून टाकला होता. कोणाला आठवत होते ते तीस प्रश्न? आठवत होता तो 'टक'. मग टी या कळीवर टर्बो ठेवला. दाबला की दहाचे एकवीस सेकंद. पडद्यावर कुठेही त्याची सूचना नाही, तेव्हाही नव्हती.

दुसरा वाद समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस चालला. सतरावा प्रश्न, 'महाराष्ट्रात जिल्हे किती?' आमचं उत्तर एकतीस. तेव्हा ते बरोबर होतं. नंतर नंदुरबार आणि वाशीम झाले, मग हिंगोली आणि गोंदिया, २०१४ मध्ये पालघर. आता छत्तीस. निम्म्यांचं म्हणणं, शाळेच्या कार्यक्रमात मुलांना चुकीचं उत्तर कसं शिकवायचं? ते अगदी योग्य आहे. उरलेल्यांचं म्हणणं, मग उद्या प्रश्नही बदला. मी धंद्यातला माणूस म्हणून मला विचारलं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रोग्राम हलवणं मला येतं, एकतीस ही खोड आहे की प्राण, ते मी ठरवू शकत नव्हतो. शेवटी बाईंनाच फोन केला. त्या म्हणाल्या, 'उत्तर बदलू नकोस. वर साल लिही.' म्हणून आता पहिल्या पडद्यावर १९९४ लिहिलंय, मोठ्या अक्षरांत. सुरळीत नसलेली अशी ती एकच ओळ मी घातली आहे.

आज सकाळी कॉम्प्युटर लॅबमध्ये नववीतल्या एका मुलीनं तो पहिल्यांदा खेळला. सतराव्या प्रश्नाला तिनं ठामपणे छत्तीस दिलं. यंत्र म्हणालं, 'चूक! पुन्हा अभ्यास करा.' ती माझ्याकडे वळून म्हणाली, 'काका, तुमचं उत्तर चुकलंय.' मी वरचं साल दाखवलं. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, 'मग तुमच्या वेळचं मला कसं माहीत असणार? जास्त वेळ तरी द्यायचा.' मी काही बोललो नाही. चहा घेऊन पंधरा मिनिटांनी परत गेलो तेव्हा एक मुलगा खेळत होता, आणि ती मुलगी त्याच्या शेजारी, सरांकडे पाठ करून उभी होती. एक बोट कीबोर्डच्या कडेवर.

खेळ संध्याकाळपर्यंत लॅबमधल्या दोन यंत्रांवर चालू आहे. चपला बाहेर काढायची आता गरज नाही.